खोटा दाखला आणि खरा नागरिक

पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या तळेगाव चौकात सकाळची पाळी सुरू होण्याच्या वेळी अवघा भारत उभा असलेला दिसतो. मराठवाड्यातून आलेला आयटीआयचा तरुण, बिहारमधील वेल्डर, ओडिशातील फिटर, आसामच्या चहामळ्यांच्या प्रदेशातून आलेला सुरक्षारक्षक, असे सारे कंपनीच्या बसची वाट पाहत असतात. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, पुढे टेल्को आली, बजाज आली आणि भाजीपाल्याच्या मळ्यांची ही भूमी यंत्रभूमी झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख लोकसंख्या असलेले पिंपरी-चिंचवड २०११ मध्ये १७ लाखांच्या पुढे गेले. त्याच दशकात चाकणला मोटारनिर्मितीचे नवे पर्व सुरू झाले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांत पूर्वी जेथे कांद्याची चाळ होती, तेथे आज भाड्याच्या खोल्यांची चाळ आहे.

या गर्दीकडे पाहून 'बाहेरचे' असा शब्द उच्चारण्याची फॅशन महाराष्ट्रात अधूनमधून येते. राष्ट्रीय विचाराच्या माणसाला ती मान्य होणार नाही. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने भारताच्या प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही संचार करण्याचा आणि वास्तव्य करण्याचा अधिकार दिला आहे. सिवानचा तरुण चाकणला येतो तेव्हा तो परमुलखात येत नाही, स्वतःच्या देशातच येतो. आळंदी आणि देहू यांच्या मधल्या या भूमीत त्याला परका म्हणणे हा संतांच्या शिकवणुकीचा आणि राष्ट्रैक्याचा दोहोंचा अवमान आहे.

परंतु याच अनुच्छेदातील एका शब्दाकडे सोयीस्कर दुर्लक्ष केले जाते. तो शब्द म्हणजे 'नागरिक'. जीविताचे आणि न्याय्य प्रक्रियेचे संरक्षण देणारा २१ वा अनुच्छेद भारतभूमीवरील प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, संचाराचे आणि वास्तव्याचे स्वातंत्र्य मात्र केवळ नागरिकाला आहे. घटनाकारांनी हा भेद विचारपूर्वक केला. देशांतर्गत सर्व दारे उघडी ठेवायची असतील, तर वाड्याचा दिंडीदरवाजा भक्कम हवा, इतका साधा हा विचार आहे. ज्या वाड्याचा दिंडीदरवाजाच सताड उघडा, त्या वाड्यात आतल्या खोल्यांना कुलुपे लावण्याची वेळ येते. प्रांतवादाला बळ मिळते ते यामुळेच. सीमेवरील ढिलाईची किंमत अखेर प्रामाणिक बिहारी किंवा बंगाली भारतीयाला चाकणच्या चाळीत संशयित नजरांच्या रूपाने चुकवावी लागते.

भारत आणि बांगलादेश यांच्यामधील सीमा ४०९६ किलोमीटर लांबीची आहे. तिच्यापैकी सुमारे ३२०० किलोमीटरवर कुंपण झाले, उरलेली सीमा नद्या, दलदल, जमिनीचे वाद आणि राजकीय अनिच्छा यांत अडकली. या सीमेतून किती लोक आत आले? २००४ साली तत्कालीन गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत १ कोटी २० लाख हा आकडा दिला आणि राजकीय गदारोळ होताच तो मागे घेतला. २०१६ साली किरेन रिजीजू यांनी राज्यसभेतच २ कोटींचा अंदाज सांगितला. घरात किती माणसे राहतात हे ज्या कुटुंबप्रमुखाला निश्चित सांगता येत नाही, त्याने महिन्याचा शिधा कसा भरावा? सरकारे बदलली तरी नेमकी मोजणी झाली नाही, ही या प्रश्नातील पहिली शोकांतिका होय.

सीमा ओलांडून आलेला माणूस सीमेवर थांबत नाही. काम जेथे आहे तेथे तो जातो, आणि काम पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात आहे. येथे त्याला बंदूक लागत नाही, बॉम्ब लागत नाही. त्याला लागतो फक्त एक कागद. पहिला कागद मिळाला की दुसरा मिळतो, दुसऱ्यावर तिसरा. कोणा दलालाकडून मिळविलेला रहिवासाचा दाखला, त्यावर आधार, आधारवर मोबाइलचे सिमकार्ड आणि बँकेचे खाते, मग पॅन, मग शिधापत्रिका, मग मतदार ओळखपत्र आणि शेवटी पारपत्र, अशी ही शिडी आहे. प्रत्येक पायरीवरचा कारकून मागच्या पायरीकडे बोट दाखवितो आणि सर्वांत खालच्या पायरीवर काय होते हे कोणीच विचारीत नाही.

ही भीती काल्पनिक आहे असे म्हणणाऱ्यांनी अलीकडची काही प्रकरणे डोळ्यांखालून घालावीत. २०१८ साली महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने पुणे परिसरातून बांगलादेशी नागरिकांना अटक केली. अन्सारुल्ला बांगला टीम या बंदी घातलेल्या संघटनेच्या सदस्यांना आश्रय दिल्याचा आरोप त्यांच्यावर होता. तपास पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला आणि २०२३ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. त्यांनी बनावट कागदांच्या आधारे भारतीय ओळखपत्रे मिळविली होती. २०२४ साली देहूरोडला म्यानमारमधून आलेले रोहिंग्या पोलिसांच्या हाती लागले, त्यांच्याजवळही भारतीय ओळखीचे कागद होते. देहूरोड ही लष्करी छावणी आहे आणि तेथे दारूगोळ्याचा कारखाना आहे, हे सांगितल्यावर अधिक भाष्याची आवश्यकता उरत नाही.

२०२३ साली जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती होऊन जन्मदाखल्याला शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत सर्वत्र मध्यवर्ती स्थान मिळाले. त्याच दुरुस्तीने विलंबाने होणाऱ्या जन्मनोंदीचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसुली अधिकाऱ्यांकडे आला. पाठोपाठ मालेगावसारख्या ठिकाणी अशा विलंबित दाखल्यांची रीघ लागली आणि २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतील हजारो अनधिकृत शेड आणि भंगाराची गोदामे पाडली. अनधिकृत बांधकाम पडलेच पाहिजे. परंतु पत्र्याची शेड बुलडोझरने पडते, खोटा जन्मदाखला बुलडोझरने पडत नाही. तो दाखला ज्या टेबलावर सही होऊन बाहेर पडला, त्या टेबलापर्यंत शासनाचा हात पोहोचेल तेव्हाच काही साधले असे म्हणता येईल.

आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे २०१६ च्या आधार कायद्यातच स्पष्टपणे नमूद आहे. मागील बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेली कोणतीही व्यक्ती आधारसाठी पात्र ठरते. म्हणजे आधार वास्तव्य सांगते, नाते सांगत नाही. सुशिक्षित मध्यमवर्गातही हा फरक फारसा कोणाला ठाऊक नसतो. सदनिकेचा मालक भाडेकरूचे आधार पाहून निश्चिंत होतो, ठेकेदार त्याची छायाप्रत फाइलला लावून मोकळा होतो.

या प्रश्नाचा आर्थिक पैलू अधिक गंभीर आहे. कल्याणकारी राज्य ही एका मोठ्या कुटुंबाची व्यवस्था आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र नागरिकाला दरमहा माणशी ५ किलो धान्याचा अधिकार दिला आणि २०२३ पासून ते धान्य विनामूल्य मिळू लागले. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे बिहारच्या कामगाराला आता चाकणच्या दुकानातून आपले धान्य उचलता येते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या कायद्याने शहरी लोकसंख्येच्या पन्नास टक्क्यांपर्यंतच लाभाची मर्यादा घातली आहे. मर्यादित ताटांच्या पंगतीत जो आगंतुक बसतो, तो यजमानाच्या ताटातले खात नाही, पंगतीबाहेर ताटकळत उभ्या असलेल्या भुकेल्याच्या ताटातले खातो.

तो भुकेला कोण, हे पाहायचे असेल तर चिंचवडपासून दूर जाण्याचे कारण नाही. इंग्रजांनी १८७१ साली ज्यांना जन्माने गुन्हेगार ठरविले आणि स्वतंत्र भारताने १९५२ साली ज्यांच्यावरचा तो कलंक कायद्याने पुसला, ते पारधी आणि इतर भटके-विमुक्त समाज याच भूमीचे पुत्र आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पालात जन्मलेल्या या बांधवांपैकी कितीतरी जणांपाशी जन्माचा दाखला नाही, जातीचा दाखला नाही, शिधापत्रिका नाही. चिंचवडच्या क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीच्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलात त्यांची मुले शिकतात. पद्मश्री गिरीश प्रभुणे यांनी या कार्यासाठी अवघे आयुष्य वेचले आहे. ज्याचे पूर्वज हजारो वर्षे या डोंगररानांत वावरले, त्या पारध्याला 'तू येथला कशावरून' असे विचारून कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावायचे आणि परदेशातून आलेल्याला दलालामार्फत संपूर्ण संच घरपोच द्यायचा, याला राज्यकारभार म्हणत नाहीत. खोट्या दाखल्याचा खरा बळी हा असा दाखला नसलेला खरा नागरिक आहे.

दुसरा बळी म्हणजे प्रामाणिक कामगार. ज्याची ओळखच खोटी आहे तो किमान वेतन मागत नाही, भविष्यनिर्वाह निधीबद्दल विचारीत नाही, यंत्रात बोट गेले तरी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. ठेकेदाराला असा मुका कामगार परवडतो. इमारत व बांधकाम कामगारांसाठीच्या कायद्यानुसार वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र असेल तर कामगाराला मंडळाचे लाभ मिळतात. ते प्रमाणपत्र देणारा हात पुष्कळदा ठेकेदाराचाच असतो. मग विदर्भातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराने हक्काचे वेतन मागितले की त्याला 'तुझ्यापेक्षा स्वस्त चौघे उभे आहेत' असे उत्तर मिळते. घुसखोराबद्दल दयेचे अश्रू ढाळणाऱ्या डाव्या मंडळींनी या भारतीय श्रमिकाच्या घामाकडेही कधीतरी पाहावे. घुसखोरीचा लाभ गरिबाला होत नाही. स्वस्त श्रम विकत घेणारा आणि मतपेढी जोपासणारा, या दोघांनाच तो होतो.

मतपेढीच्या राजकारणाने काय केले याची साक्ष आसाम देतो. १९८३ साली केलेल्या आयएमडीटी कायद्याने घुसखोर ठरविण्याची जबाबदारी तक्रारदारावर टाकली आणि घुसखोराला कवच दिले. सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर १२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. प्रचंड प्रमाणातील घुसखोरी हे बाह्य आक्रमण आहे आणि त्यापासून राज्यांचे रक्षण करणे हे संविधानाच्या ३५५ व्या अनुच्छेदानुसार केंद्राचे कर्तव्य आहे, असा या निकालाचा आशय होता. एका वाईट कायद्याने आसामची बावीस वर्षे खाल्ली. महाराष्ट्राने त्यातून धडा घ्यावयाचा तो आजच.

जगाचा अनुभव वेगळा नाही. २००४ साली ब्रिटनने पूर्व युरोपातील नव्या सदस्य देशांना आपली श्रमबाजारपेठ खुली केली तेव्हा वर्षाला फार तर १३ हजार लोक येतील असा सरकारी अंदाज होता. प्रत्यक्षात लाखो आले आणि बारा वर्षांनी त्या देशाने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. जर्मनीत २०१५ या एका वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार आश्रयार्थी आले. सीमा मोकळ्या ठेवायच्या आणि सरकारी लाभही सर्वांना द्यायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचे प्रतिपादन श्रीमंत युरोपला फार उशिरा उमगले. भारतालाही खुली सीमा अपरिचित नाही. १९५० च्या मैत्रीकरारानुसार नेपाळी बांधव भारतात राहतात, व्यवसाय करतात, आपल्या सैन्याच्या गुरखा पलटणींत पराक्रम गाजवितात. तेथे उभय राष्ट्रांची संमती आहे. मोकळेपणा संमतीने येतो तेव्हा तो मैत्री ठरतो, चोरवाटेने येतो तेव्हा आक्रमण.

घुसखोराला विरोध म्हणजे निराश्रिताला विरोध, असा कांगावा नेहमी केला जातो. त्याला पिंपरी कॅम्पाइतके समर्पक उत्तर नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेली कुटुंबे पिंपरीच्या छावणीत वसली. त्यांनी खोटे नाव घेतले नाही, ओळख लपविली नाही. हातगाडीपासून आरंभ करून त्यांनी बाजारपेठ उभी केली आणि आज पिंपरीचा व्यापार त्यांच्यावाचून कल्पिता येत नाही. धर्म राखण्यासाठी घर सोडावे लागलेल्यांना आश्रय देणे हा भारताचा स्वभाव आहे. बांगलादेशात १९५१ साली सुमारे २२ टक्के असलेले हिंदू २०२२ च्या जनगणनेत ८ टक्क्यांच्याही खाली आले. या बांधवांना २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने दार उघडले आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याचे नियम लागू झाले. आश्रय मागणारा आणि घरफोड्या यांना एकाच तागडीत तोलणारी सहिष्णुता ही सहिष्णुता नसून विवेकशून्यता आहे.

याच विवेकाची अपेक्षा राष्ट्रीय विचाराच्या कार्यकर्त्याकडूनही आहे. बंगाली भाषा ही बंकिमचंद्रांची, विवेकानंदांची, श्यामाप्रसादांची भाषा आहे. ती बोलणारा प्रत्येक मजूर बांगलादेशी असतो असे मानणे हा अडाणीपणा आहे. मुर्शिदाबादचा मुसलमान गवंडी भारताचा नागरिक असेल, तर त्याचा चाकणवरील हक्क कोणाही इतकाच पूर्ण आहे. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडून सीमेपार पाठविलेले काही बंगाली कामगार भारतीय असल्याचे निष्पन्न झाले आणि त्यांना परत आणावे लागले. नागरिकाला देशाबाहेर ढकलणे ही कोणत्याही राज्ययंत्रणेची लाजिरवाणी चूक आहे. नागरिकत्वाचे मोल वाढावे यासाठी ज्यांचा आग्रह आहे, त्यांनी अशा चुकीची सर्वांआधी चीड बाळगली पाहिजे. पडताळणी पोलिसांनी करावी, निर्णय कायद्याने व्हावा. चौकात ओळखपत्र मागणारा जमाव कोणत्याही घुसखोराला परत पाठवू शकत नाही. तो फक्त घुसखोराच्या वकिलाला एक नवा मुद्दा देतो.

आणि निष्ठेचा प्रश्न केवळ परक्याला विचारून भागणार नाही. २०२४ साली राज्यात 'माझी लाडकी बहीण' योजना आली. गरजू महिलेसाठी दरमहा १५०० रुपयांची ही ओवाळणी होती. २०२५ मध्ये छाननी झाली तेव्हा १४ हजारांहून अधिक पुरुषांनी आणि दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी महिलांनी ती उचलल्याचे उघड झाले. ही मंडळी कोणत्या सीमेवरून आत आली होती? पगाराची नोकरी असताना गरिबाच्या नावे पैसे घेणारा आणि खोट्या नावाने धान्य घेणारा, या दोघांनी एकाच कोठारावर हात मारला आहे. शंभर रुपयांसाठी दाखल्यावर शिक्का मारणारा कारकून, जास्त भाड्याच्या लोभाने भाडेकरूची माहिती पोलिसांपासून लपविणारा घरमालक, न पाहता ओळखीचे शिफारसपत्र देणारा नगरसेवक, हे सारे आपल्यातलेच आहेत. घुसखोराला रस्ता दाखविणारा हात नेहमीच घरातला असतो.

म्हणून उपाय घरापासून सुरू व्हावयास हवेत. प्रत्येक सोसायटीने आणि चाळमालकाने भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करावी. कारखान्यांनी ठेकेदाराच्या यादीवर विसंबून न राहता कामगारांची पडताळणी स्वतः करावी आणि किमान वेतन प्रत्येकाच्या खात्यात जमा होते की नाही हे पाहावे. स्वस्त श्रमाचा मोह संपला की घुसखोराचे अर्धे बळ संपते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकविषयक नव्या कायद्यात बनावट कागदांसाठी ७ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तिचा पहिला वापर कागद विकणाऱ्यावर झाला पाहिजे. विलंबित जन्मनोंदी देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव दाखल्याबरोबर सार्वजनिक व्हावे. आणि शाखाशाखांतील कार्यकर्त्यांनी एक व्रत घ्यावे : आपल्या वस्तीतील प्रत्येक पारधी, कैकाडी, वडार, डोंबारी कुटुंबाला जन्मदाखला, जातीचा दाखला आणि शिधापत्रिका मिळेपर्यंत स्वस्थ बसायचे नाही. खऱ्या नागरिकाच्या हाती खरा कागद देणे हेही सीमारक्षणच आहे.

चाकणच्या संग्रामदुर्गाची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. १६६० साली शाहिस्तेखानाच्या अफाट सैन्यापुढे फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर मावळ्यांनिशी हा भुईकोट पन्नासहून अधिक दिवस झुंजविला. तोफांनी तो पडला नाही. बुरुजाखाली खणत आणलेल्या सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा किल्ला हातचा गेला. त्या काळी सुरुंग खणणारे तरी परके होते. आजचा सुरुंग शिक्क्याच्या दौतीतून, ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकातून आणि आपल्याच उदासीनतेतून खणला जात आहे. बुरूज शाबूत आहे तोवरच ही माती काढणारे हात धरले पाहिजेत.